सिस्टिम ॲनालिसिस आणि सॉफ्टवेअरचं जीवनचक्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीसीए, बीसीएस, एमसीएच्या मुलांना हा विषय शिकवताना आणि छोट्या संस्थांसाठी सॉफ्टवेअर करताना तेच तेच प्रश्न माझ्यासमोर येत राहिले. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बरीचशी गावातल्या दूध संस्थेची आहेत. ते काम मी जवळून पाहिलं आहे, आणि या विषयातली जवळजवळ प्रत्येक संकल्पना सकाळी सहा वाजता दुधाच्या काट्यापाशी उभं राहिलं की डोळ्यांना दिसते.

सिस्टिम ॲनालिसिस म्हणजे नेमकं काय?

एखादं काम आज कसं चालतं, कुठे अडतं आणि कसं चालायला हवं, हे समजून घेऊन कागदावर मांडणं. संगणक त्यानंतर येतो.

याची सुरुवात चहाच्या दुकानांत झाली म्हटलं तरी चालेल. ब्रिटनमध्ये जे. लायन्स ही चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी कंपनी होती. तिने स्वतःच्या हिशेबासाठी ‘लिओ’ नावाचा संगणक बांधला आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीचा हिशेब चालवून दाखवला. तिथे कामांची मांडणी करणारे डेव्हिड कॅमिनर यांना बरेच जण जगातले पहिले सिस्टिम ॲनालिस्ट मानतात. १९५४ मध्ये लायन्सच्या दुकानांच्या रोजच्या ऑर्डरी लिओवर आल्या. दुकानांनी रोज सगळी यादी पाठवायची, असं त्यांनी केलं नाही. प्रत्येक दुकानाची नेहमीची ऑर्डर आधीच ठरलेली असायची आणि दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवरून फक्त बदल कळवायचा. आपल्याकडे दुधाचा रतीब असाच चालतो. रोजचं एक लिटर ठरलेलं, पाहुणे येणार असले तरच ‘उद्या दोन द्या’ म्हणायचं. यंत्र कितीही मोठं असू द्या, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही हे माणसानेच आधी शोधावं लागतं. तो शोध म्हणजे ॲनालिसिस.

सिस्टिम म्हणजे संगणकच ना?

नाही, आणि हा गैरसमज पहिल्याच आठवड्यात जायला हवा. सातबारा घ्या. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरचे अधिकार, १२ मध्ये पिकं, ८अ मध्ये खातेदाराची एकत्र जमीन, आणि नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही. हे नमुने संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकांशी जोडलेले आहेत. त्यांत इनपुट आहे, प्रक्रिया आहे, साठवण आहे, आउटपुट आहे आणि नियंत्रणही आहे.

त्यातलं नियंत्रण नीट बघा. जमीन विकली गेली की तलाठी (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’) फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नवखा प्रोग्रॅमर याकडे ‘मालकाचं नाव बदलणं’ एवढ्याच नजरेने पाहील आणि एक अपडेटचं बटण देऊन मोकळा होईल. त्या १५ दिवसांत एखाद्या बहिणीला आपला हिस्सा डावलला गेल्याचं कळतं आणि ती हरकत घेते. ते दिवस वेळखाऊ वाटले तरी तेच या व्यवस्थेचं काळीज आहे. ॲनालिस्टने ते ओळखायचं असतं.

जीवनचक्राचे टप्पे पाच, सहा की सात?

ज्या पुस्तकातून परीक्षा आहे त्यात जेवढे असतील तेवढे लिहा. कोणी प्राथमिक पाहणी वेगळी मोजतं, कोणी विश्लेषणातच धरतं. कामाचा क्रम सगळीकडे सारखाच असतो : काम करण्याजोगं आहे का ते पाहणं, गरजा समजून घेणं, रचना ठरवणं, कोड लिहिणं, तपासणं, प्रत्यक्ष सुरू करणं आणि पुढे सांभाळणं. याला ‘चक्र’ म्हणतात, कारण सांभाळता सांभाळता नव्या गरजा निघतात आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर येते.

फिजिबिलिटी स्टडी नुसता उपचार असतो का?

फिजिबिलिटी स्टडी म्हणजे काम करण्याजोगं आहे का ते पाहणं. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तो नुसता उपचार होतो खरा. तांत्रिक, आर्थिक, कार्यकारी असे तीन मथळे आणि प्रत्येकाखाली ‘हे शक्य आहे’. तसं करू नका. कार्यकारी भागात एक तरी खरा प्रश्न विचारा : हे रोज वापरणार कोण, आणि त्या माणसाच्या हाताला त्या वेळी सवड आहे का? दूध मापणाऱ्याचे दोन्ही हात ओले असतात. त्याला माउस द्यायचा की मोठ्या बटणांचा नंबर पॅड, हा फिजिबिलिटीचाच प्रश्न आहे.

गरजा कशा गोळा करायच्या? मुलाखत आणि प्रश्नावली पुरेशी नाही का?

पुरेशी नाही. हे मी चूक करून शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

कृष्णाकाठच्या एका गावातल्या दूध संस्थेचं काम होतं. सचिवांना, सगळे त्यांना अण्णा म्हणत, मी दुपारी ऑफिसात भेटलो. दुपारी डेअरी निवांत असते. अण्णांनी चहा मागवला आणि काम समजावलं : ‘दूध घ्यायचं, फॅट काढायचा, दर लावायचा, दहा दिवसांनी बिल काढायचं. एवढंच.’ मी चार पानं लिहून घेतली, पुण्याला आलो आणि स्क्रीन बनवला. त्यात सभासदाचं नाव यादीतून निवडायचं होतं. दिसायला छान होतं.

पहिल्याच सकाळी सगळं कोसळलं. संस्थेत १८० जण दूध घालत होते आणि संकलन दीड तासात संपवावं लागत होतं, कारण संघाची गाडी थांबत नाही. म्हणजे माणशी ३० सेकंद, आणि त्यातच दूध ओतणं, वजन, नमुना, नोंद, पावती. नावांच्या यादीत ‘पाटील’ शोधेपर्यंत रांग रस्त्यापर्यंत गेली. अर्ध्या तासात अण्णांनी कपाटातली वही काढली. मला कोणी काही बोललं नाही. त्या शांततेची लाज मला आजही आठवते.

दुसऱ्या दिवसापासून मी लॅपटॉप बंद ठेवून काट्याशेजारी कॅनवर बसलो, सलग चार दिवस, दोन्ही टाइम. तेव्हा काय काय दिसलं!

तिथे नाव कोणी सांगतच नव्हतं. बाई किटली पुढे करत आणि ‘एक्केचाळीस’ म्हणत. संबंध गाव स्वतःला नंबराने ओळखत होतं.

लाइट गेली. फॅटचं मशीन बंद पडलं. मापाडी थांबला नाही. त्याने वहीत लिटर लिहिले आणि फॅटच्या रकान्यात एक छोटा गोल काढला. मी विचारलं, हा गोल कशाचा? ‘मशीन बंद असलं की मागच्या टाइमाचा फॅट धरतो. दोन टाइम बंद राहिलं तर चालू बिलाची सरासरी.’ हा नियम कोणत्याही ठरावात नव्हता आणि अण्णांनी मुलाखतीत सांगितलाही नव्हता. लपवलाही नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो सांगण्यासारखा वाटलाच नाही, इतका अंगवळणी पडला होता.

तिसऱ्या दिवशी एकाच घरातून दोन किटल्या आल्या, एक्केचाळीस आणि एकशे बारा. मी किटल्या आणणाऱ्या सुनेला विचारलं तर म्हणाली, ‘एक सासूबाईंचं खातं, एक माझं. माझ्या म्हशीचं बिल माझ्या खात्यावर येतं.’ आणि आम्ही तर ‘एका कुटुंबाला एक खातं’ असा डेटाबेस आखला होता. त्या एका ओळीने तिचे हातात येणारे पैसे घरच्या कारभाऱ्याच्या खात्यात गेले असते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जुने कागद मागा : वह्या, पावत्या, पासबुकं, भिंतीवर चिकटवलेलं दरपत्रक. समासात पेन्सिलीने जे लिहिलेलं असतं ते सगळ्यात मोलाचं. मग काम चालू असताना बघा. मुलाखत त्यानंतर घ्या, म्हणजे तुमच्याकडे विचारायला खरे प्रश्न असतील. प्रश्नावली फक्त माणसं फार आणि विखुरलेली असतील तेव्हा.

‘तुम्ही म्हणाल तसं करा’ असं ग्राहक म्हणाला तर?

खूश होऊ नका. त्याचा अर्थ त्याला अजून चित्र दिसलेलं नाही. कागदावर स्क्रीन काढा, खोटी पावती छापा आणि हातात द्या. दोनशे पानांचा अहवाल वाचून माणूस जे सांगणार नाही ते पावती बघून दहा सेकंदांत सांगतो : ‘मागची बाकी कुठं आहे यात?’ यालाच प्रोटोटाइप म्हणतात, आणि तो करायला कोडची एक ओळही लागत नाही.

एसआरएस कसा लिहायचा? आमचा नेहमी गोलगोल होतो.

एसआरएस म्हणजे सॉफ्टवेअरकडून काय काय हवं ते लिहून ठेवणारा गरजांचा दस्तऐवज. त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे स्वतःला विचारा, ‘हे पूर्ण झालं की नाही ते मी कसं तपासणार?’ उत्तर येत नसेल तर ते वाक्य नव्याने लिहा.

‘सिस्टिम वेगवान आणि वापरायला सोपी असावी’ हे तपासता येत नाही. ‘क्रमांक टाकून एंटर दाबल्यापासून पावती बाहेर येईपर्यंत ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये’ हे घड्याळ लावून तपासता येतं. ‘वीज गेल्यास आधी पूर्ण झालेली कोणतीही नोंद पुसली जाऊ नये’ हे प्लग ओढून तपासता येतं. सिस्टिमने काय करायचं ते फंक्शनल, आणि किती चांगलं करायचं ते नॉन-फंक्शनल. मुलं दुसरा भाग नेटवरून उतरवतात, आणि संस्था सॉफ्टवेअर टाकून देते ती बहुतेक त्याच भागामुळे.

आणखी एक गोष्ट, आकड्यांची. मशीन फॅट ६.३७ दाखवतं आणि दरपत्रकात ६.३ नंतर थेट ६.४ आहे. मग काय धरायचं? समजा फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, लिटरमागे ३० पैशांचा फरक आहे आणि घरचं दूध दोन्ही टाइम मिळून १६ लिटर. दहा दिवसांचे १६० लिटर, म्हणजे फरक ४८ रुपयांचा. प्रोग्रॅमरने राउंडिंगचं फंक्शन स्वतःच्या मनाने निवडलं तर ते पैसे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात. अशा ओळीवर संस्थेची सही घ्या. साइन-ऑफ असतो तो याच्यासाठी.

डीएफडी काढताना नेमकं कुठे चुकतं?

डीएफडी म्हणजे डेटा फ्लो डायग्राम, माहितीच्या प्रवासाचं चित्र. सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याला फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचं चित्र, समजणं. डीएफडीत ‘आधी हे, मग ते’ नसतं, ‘असेल तर, नसेल तर’ नसतं. माहिती कुठून निघते, कुठे बदलते, कुठे साठते आणि कुठे पोचते, एवढंच असतं.

आधी कॉन्टेक्स्ट डायग्राम काढा. मध्ये एकच प्रोसेस, ‘दूध संस्था प्रणाली’. बाहेर उत्पादक, दूध संघ आणि बँक. मुलं सचिवांनाही बाहेर काढतात. विचार करा : सचिव या कामाच्या आतले आहेत की बाहेरचे? सीमारेषा कुठे आखायची हा निर्णय चित्रातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि तो लिहून ठेवावा.

मग ती एक प्रोसेस फोडा : संकलनाची नोंद, दर काढणं, कपाती, बिल. साठे : सभासद, दूध नोंद, दरपत्रक, उधारी. आता प्रत्येक बाण तपासा. आत काहीच न येता आउटपुट देणारी प्रोसेस म्हणजे चमत्कार, आणि नुसतं गिळणारी म्हणजे काळं विवर. एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात बाण थेट जात नाही, मध्ये प्रोसेस हवीच. बाहेरच्या माणसाचा बाणही थेट साठ्याला लागत नाही. उत्पादक स्वतः येऊन संस्थेच्या वहीत लिहीत नाही ना, तसंच. शेवटी बॅलन्सिंग : वरच्या चित्रात जेवढे बाण आत-बाहेर होते तेवढेच खालच्या चित्रात हवेत.

प्रोसेस गोल काढायची की गोलाकार कोपऱ्यांचा चौकोन, हा फक्त पद्धतीचा फरक आहे. योर्डन-डिमार्को पद्धतीत वर्तुळ, गेन-सार्सन पद्धतीत चौकोन. एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

डेसिजन टेबल खऱ्या कामात कोणी वापरतं का?

मी वापरतो, आणि मला ते या विषयातलं सर्वांत कमी लेखलेलं साधन वाटतं. कोणत्या अटी जुळल्या तर काय करायचं, याचा हा तक्ता.

बिलातून कपाती होतात : पशुखाद्याची उधारी, उचल घेतली असेल तर तिचा हप्ता, बँकेच्या कर्जाचा हप्ता. बिल भरपूर असेल तर प्रश्नच नाही. म्हैस आटत आली आणि बिल ९०० रुपयांचं निघालं, पशुखाद्याची बाकी ७०० आणि उचलीचा हप्ता ५००, मग? कोणाचे पैसे आधी? तीन अटी, प्रत्येकीची उत्तरं दोन, म्हणजे आठ उभे रकाने. हा तक्ता मी संचालकांच्या बैठकीत ठेवला. अण्णा म्हणाले, पशुखाद्य आधी, ते संस्थेचे पैसे आहेत. चेअरमन म्हणाले, काहीही कापा, पण थोडी तरी रक्कम घरी गेली पाहिजे, नाहीतर बाई उद्या दूध दुसरीकडे घालेल. त्यावर तासभर चर्चा झाली. इतकी वर्षं हा निर्णय प्रत्येक वेळी अण्णांनी माणूस बघून घेतला होता. तो नियम व्हावा की नाही, हे ठरवणं माझं काम नव्हतं. आठपैकी तीन रकाने रिकामे आहेत हे दाखवणं माझं काम होतं.

ईआर डायग्राम, म्हणजे कोणत्या गोष्टींची माहिती ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय याचं चित्र, त्याचं थोडक्यात : पीटर चेन यांनी तो १९७६ मध्ये मांडला, आणि ‘एका घरात किती खाती?’ सारखे प्रश्न त्यावरच्या १ आणि अनेकच्या खुणांनीच उघडे पडतात. आमचा उघडा पडला नाही, कारण आम्ही ती खूण कोणाला न विचारता काढली होती.

वॉटरफॉल जुना आणि टाकाऊ आहे का?

वॉटरफॉल म्हणजे एक टप्पा पूर्ण संपवून मगच पुढच्याला हात घालण्याची पद्धत. ज्यांच्या नावावर ती चढवली जाते त्या विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या लेखात एकाखाली एक टप्प्यांचं चित्र काढलं होतं. पण त्याच लेखात त्यांनी बजावलं होतं की असं सरळसोट राबवलं तर ते धोक्याचं आहे. तपासणी शेवटी येते, आणि तिथे काही मोठं सापडलं तर सगळं मागे न्यावं लागतं. त्यावर त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक असा होता की नवं काही करत असाल तर ते आधी एकदा छोट्या प्रमाणात करून बघा आणि ग्राहकाला कामात सामील करा. ‘वॉटरफॉल’ हा शब्द त्यांच्या लेखात नाही. जगाने चित्र घेतलं आणि इशारा सोडून दिला.

माझं मत विचाराल तर नियम पक्के असतील, करार ठरलेला असेल, चूक जिवावर बेतणारी असेल, तिथे टप्प्याटप्प्याने जाण्यात शहाणपण आहे. नियमच हळूहळू उलगडत असतील तर नाही. बॅरी बोएम यांचं स्पायरल मॉडेल याच विचारातून आलं : प्रत्येक फेरीत आधी विचारायचं, सर्वांत मोठा धोका कोणता, आणि त्यालाच आधी हात घालायचा. आमच्या कामात तो धोका होता ३० सेकंदांचा. मी त्याला सर्वांत शेवटी भिडलो.

अजाईलमध्ये कागदपत्रं लागत नाहीत म्हणतात. खरं आहे?

नाही. अजाईल म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करून ग्राहकाला दाखवत पुढे जाण्याची पद्धत. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. भरमसाट कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ते जास्त मोल देतात, पण कागदपत्रांनाही मोल आहे असं त्यातच नमूद आहे. ते वाक्य विसरणाऱ्यांच्या टीममधून एक माणूस नोकरी सोडून गेला की ‘लाइट गेल्यावर मागच्या टाइमाचा फॅट’ हा नियमही त्याच्यासोबत जातो.

सुरुवातीला सापडलेली चूक स्वस्त पडते, पण किती?

‘उशिरा सापडलेली चूक शंभरपट महाग’ असं परीक्षेत सगळे लिहितात. तो आकडा बोएम यांच्या मोठ्या प्रकल्पांवरच्या अभ्यासातून आला आहे. बोएम आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००१ मध्ये स्पष्ट केलं की लहान, फारशा जोखमीच्या नसलेल्या कामांत हा फरक पाचपटीच्या आसपास असतो. शंभर घ्या की पाच, ‘एक कुटुंब, एक खातं’ ही ओळ कागदावर खोडायला एक मिनिट लागतं, आणि वर्षभराचा डेटा साठल्यावर तीच सुधारायला रात्री जागवाव्या लागतात.

काम रखडलंय, माणसं वाढवली तर वेळेत होईल का?

बहुतेक वेळा आणखी रखडेल. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये हे मांडलं. नव्या माणसाला शिकवायला जुनी माणसं अडकतात आणि बोलाचाली वाढतात. पाच जणांत दोघा-दोघांच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५.

टेस्टिंग कोणी करायचं?

टेस्टरने करायचंच. पण यूएटी, म्हणजे वापरणाऱ्याने स्वीकारण्याआधी करायची तपासणी, मात्र ज्याच्या हातात ते रोज राहणार त्याने, त्याच जागी, त्याच वेळी. दुपारी ऑफिसात बसून केलेली यूएटी मी धरत नाही.

जुनी पद्धत बंद करून नवीन कधी आणि कशी सुरू करायची?

घाई सर्वांत महाग पडते ती इथे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी रुग्णवाहिका पाठवण्याची संगणकीय पद्धत शहरभर एकदम सुरू केली. सॉफ्टवेअरमधले दोष माहीत असूनही ते राहिले होते, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण अपुरं होतं. रुग्णवाहिका कुठे आहे याची माहिती चुकत गेली, तशी यंत्रणा चुकीच्या गाड्या पाठवू लागली, न सुटलेल्या कॉलचे इशारे पडद्यावर साचले, लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले आणि त्याने ओझं आणखी वाढलं. दुसऱ्या दिवशी काही काम पुन्हा हाताने सुरू करावं लागलं. ४ नोव्हेंबरला यंत्रणा बंदच पडली, कारण एका छोट्याशा कोडच्या तुकड्याने मेमरी मोकळी न करता थोडी थोडी अडवून ठेवली होती. फेब्रुवारी १९९३ मधला चौकशी अहवाल मिळवून वाचाच. त्यात नुसता कोड नाही, माणसं, व्यवस्थापन, घाई, सगळं आहे.

एकदम बदल, दोन्ही समांतर, टप्प्याटप्प्याने, आणि आधी एका ठिकाणी प्रयोग, असे चार मार्ग असतात. दूध संस्थेत मी समांतर चालवतो : वहीही आणि संगणकही, निदान एक पूर्ण बिल, म्हणजे दहा दिवस. सुरुवात नेहमी १, ११ किंवा २१ तारखेला. मधल्या तारखेला सुरू केलंत तर अर्धं बिल वहीत, अर्धं संगणकात, आणि दोन्हींचा मेळ कधीच बसत नाही.

जुना डेटा नव्यात नेताना मला चावडी वाचन आठवतं. संगणकावर चढवलेला सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे पाहण्यासाठी गावोगाव लोकांना बोलावून उतारे वाचून दाखवले गेले आणि चुका नोंदवून घेतल्या गेल्या. ज्याची माहिती आहे त्यालाच ती दाखवून घेणं, डेटा तपासायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. आम्हीही सगळ्यांच्या उधारीची यादी डेअरीच्या फळ्यावर आठ दिवस लावली, नावं नव्हे तर नंबर टाकून, कारण बाकी ही घरची गोष्ट असते. अकरा चुका निघाल्या.

मेंटेनन्स म्हणजे बग काढणं ना?

तो एक भाग. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा देशभरातली बिलिंग सॉफ्टवेअर बदलावी लागली. त्यांत बग नव्हता, जग बदललं होतं. दर, टक्केवारी, मर्यादा कोडमध्ये न गाडता टेबलमध्ये ठेवणाऱ्यांना तेव्हा झोप मिळाली.

कोडिंग जमत नाही, ॲनालिस्ट होता येईल?

होता येईल, पण डेटाबेसची ओळख आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) हवंच. त्याहून जास्त हवं ते न लाजता ‘मला नाही कळलं, पुन्हा सांगा’ म्हणणं. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे स्वतःला कमी समजतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. मापाड्याशी त्याच्या बोलीत बोलता येणं ही या कामातली ताकद आहे.

आता एआय कोड लिहून देतं. मग ॲनालिसिस कशाला शिकायचं?

त्या वहीतल्या गोलाचा अर्थ एआयला कोण सांगणार? सांगितलात तर कोड येईल. आधी तो गोल दिसायला हवा.

प्रोजेक्टसाठी विषय सुचवा. लायब्ररी मॅनेजमेंट चालेल?

चालेल, पण तुम्ही खऱ्या लायब्ररीत दोन दिवस बसणार असाल तर. नाहीतर जवळपास बघा. पिठाची गिरणी, बचत गट, रसवंती, गावची पाणीपट्टी, मंडळाची वर्गणी, खानावळीचे महिन्याचे डबे. डब्यांचा हिशेब तर फारच सुंदर विषय आहे : खाडे, पाहुण्याचा जादा डबा, एकादशीचा उपास, महिन्याच्या मध्ये सोडून गेलेला मुलगा. मावशींची वही मागून घ्या, तिचे फोटो काढण्याआधी त्यांची परवानगी घ्या, आणि त्यातल्या खुणांचे अर्थ विचारत बसा.

व्हायवाला हमखास काय विचारतात?

तुमच्या डीएफडीतल्या एका बाणावर बोट ठेवून मी विचारतो, ‘ही माहिती प्रत्यक्षात कोण देतं, किती वाजता, आणि त्या दिवशी ती आली नाही तर काय करतात?’